पाय घ्या, भाऊजी

माझे भाऊजी गोपाळराव म्हणजे चिखलीतले गोपाळ सर. लोक त्यांच्याबद्दल बोलताना आवाज जरा खाली आणतात. मी आणत नाही. मी त्यांची मेहुणी आहे, त्यांना टोचून बोलायचा हक्क मला ताईच्या लग्नातच मिळाला, आणि तो मी वाया जाऊ दिलेला नाही.

ते मूळचे वरवट बकालचे. वडील शेती करत आणि गावच्या भजनात पेटी वाजवत. हार्मोनियमला आमच्याकडे पेटीच म्हणतात. भाऊजी वडिलांच्या मांडीवर बसून शिकले, पुढे परीक्षा दिल्या आणि चिखलीतल्या एका शाळेत संगीत शिक्षक म्हणून लागले. शाळेत संगीताचा तास म्हणजे गणिताच्या मास्तरांनी हक्काने मागून न्यायचा तास. भाऊजी मुकाट्याने देऊन टाकायचे. मग संध्याकाळी घरी पोरं बोलावून शिकवायचे, आणि तिथे मात्र पोरांना सळो की पळो करून सोडायचे. तेही एका शब्दावर, आमच्या वऱ्हाडी 'का'वर. "काऊन?"

पोराने एखादा सूर लांबवला, मध्येच हरकत टाकली, की भाऊजी त्याच्या हातावर हात ठेवायचे आणि विचारायचे, "हे काऊन केलं बे?" रागावून नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं. पोरगं म्हणायचं, "चांगलं वाटते म्हणून." "चांगलं काऊन वाटते?" असं करत करत पोरगं एक तर रडायचं, नाहीतर त्याला कारण सापडायचं. कारण सापडलं की भाऊजी म्हणायचे, "मंग ठेव." नाही सापडलं तर, "मंग काढ." यापलीकडे कुणाला शाबासकी दिल्याचं मला आठवत नाही. एकदा त्यांचा एक विद्यार्थी पुण्याला स्पर्धेत गेला आणि परीक्षक बाईंनी काहीतरी चूक काढल्यावर त्यांनाच म्हणाला, "काऊन?" सगळं सभागृह हसलं. पोरगा तोंड पाडून परत आला. भाऊजी म्हणाले, "हसले तं हसले. पण बाईनं सांगितलं का, काऊन ते?"

आम्ही अमडापूरच्या. शैलाताई माझी थोरली बहीण. तिला लहानपणी पोलिओ झाला होता आणि डावा पाय बारीक राहिला होता. आमच्या घरात त्या पायाचं नाव कुणी काढत नसे. त्या काळी मुलगी बघायला आले की नाव विचारायचे, गाणं म्हणायला लावायचे, आणि मग कुणीतरी म्हातारा अगदी सहज म्हणायचा, "पोरी, जरा पाणी आण." तहान कुणालाच नसायची. मुलगी चालते कशी ते बघायचं असायचं. आमच्या आईने त्यावर तोडगा काढला होता. पाहुणे यायच्या आधीच ताईला सतरंजीवर बसवून ठेवायची, आणि पाणी मागितलं की तांब्या घेऊन मी धावायचे. बैठक निभावून जायची, पण गावात सांगणारे काय कमी असतात? दुसऱ्या दिवशी निरोप यायचा.

भाऊजी बघायला आले तेव्हाही तसंच ठरलं होतं. ताईने अभंग म्हटला. भाऊजींच्या मामांनी पाणी मागितलं. मी उठले, तर ताई म्हणाली, "तू बस." आणि स्वतः उठली. माजघरात गेली, तांब्या-पेला घेऊन परत आली. फरशीवर तिची पावलं सगळ्यांनी ऐकली, एक लांब, एक आखूड. आईचं तोंड पांढरं पडलं. मामा पेल्यात बघत बसले. तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "चाल आवडली."

मामांनी चमकून विचारलं, "अभंगाची?"

"हाव. तेही."

लग्न झालं. आई शेवटपर्यंत सांगायची की पोरगं गाण्यावर भाळलं.

चिखलीत त्यांचं घर म्हणजे पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर. मूल झालं नाही. पुढच्या खोलीत शिकणारी पोरं, मागे ताईचा चहा. भाऊजींची बसायची जागा मोठी गैरसोयीची. मधल्या दाराच्या चौकटीला पाठ टेकायची आणि दुखरे गुडघे म्हणून दोन्ही पाय दारात आडवे लांब सोडायचे. आत जायचं तर त्यांना ओलांडायची सोय नाही, मोठ्या माणसाला कोण ओलांडणार? मी कितीदा म्हटलं असेल, "पाय घ्या, भाऊजी." मग ते पाय घ्यायचे. पोरांनाही म्हणावं लागायचं, "सर, पाय." ताईला मात्र कधी म्हणावं लागलं नाही. आतून तिची पावलं ऐकू आली की भाऊजींचे पाय आपोआप आखडायचे. शिकवणं चालू, नजर पोराच्या बोटांवर, बोलणं तसंच, फक्त पाय जवळ यायचे. ती चहा ठेवून परत गेली की पुन्हा लांब. मी त्यांना चिडवायचे, "बायकोला बरे घाबरता." ते म्हणायचे, "तिच्या हातात गरम चहा असते, विमल."

शाळेत धम्मरत्न सर चित्रकला शिकवत. भाऊजींचा तास जसा गणितवाले न्यायचे तसा त्यांचा विज्ञानवाले, म्हणून दोघांची गट्टी जमली. भाऊजी निवृत्त झाले तेव्हा धम्मरत्न सरांनी त्यांना एक चित्र दिलं. अमडापूरचा बाजार, मागे देवीची टेकडी, आणि बाजाराच्या गर्दीतून निघून टेकडीच्या वाटेने चाललेली एक बाई, हातात पिशवी, पाठमोरी. अर्ध्याहून जास्त कागद नुसतं आभाळ. ती बाई ताई होती. पदर कानामागे खोचायची तिची सवयसुद्धा धरली होती. फक्त पाय दोन्ही सरळ, एकसारखे. ताई चित्रासमोर उभी राहिली आणि खो खो हसली. "डॉक्टरले नाही जमलं, ते धम्मरत्न भाऊनं ब्रशनं केलं पाहा." चित्र पुढच्या खोलीत लागलं, पेटीच्या अगदी समोर.

गेल्या थंडीत ताई गेली. सकाळी चहा ठेवला होता. तो उतू जाऊन वास सुटला, तेव्हा भाऊजी आत गेले.

मी रडून रडून आजारी पडले. भाऊजी रडले नाहीत. आलेल्यांना बसा म्हणाले, कुणी डोळे पुसले तर त्याला पाणी दिलं. तेराव्याला पंगतीत बसून जेवले. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला होता की पान उचलून फेकावंसं वाटलं. माझी बहीण या माणसाचे गुडघे चोळत म्हातारी झाली, आणि हा माणूस बुंदी खातोय.

मी दोन गल्ल्या सोडून राहते. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ डबा मीच नेते. गेले की भाऊजी दारात बसलेले, पाय लांब. समोर टीव्ही, आवाज बंद. "पाय घ्या, भाऊजी." थोड्या वेळाने पाय हलायचे, कुणीतरी दुसऱ्याने सरकवल्यासारखे. कपडे स्वच्छ, दाढी केलेली. पेपर वाचायचे. काय वाचलं विचारलं तर पेपरकडे बघायचे.

भाजी कशी झाली? छान. आज ऊन किती आहे? छान. एके दिवशी मी मुद्दाम वरणात मीठच घातलं नाही. वाटीभर वरण चाटूनपुसून खाल्लं आणि म्हणाले, "छान." मी घरी येऊन ते वरण चाखलं आणि मोरीपाशी उभी राहून रडले. राग तिथेच संपला. या माणसाला दुःख होत नाही असं नव्हतं. त्याला मीठसुद्धा लागत नव्हतं.

पोरं यायची शिकायला. पोरं चुकायची, बेसूर व्हायची, मुद्दाम काहीतरी अचरट वाजवून बघायची. भाऊजी म्हणायचे, "छान." पहिल्यांदा पोरांना मजा वाटली. मग एकेक यायचं बंद झालं. कुणाच्या परीक्षा आल्या, कुणाला कराटे लागले. शेवटी एकटी काजल राहिली.

काजल उंद्रीची. शाळेत होती तेव्हापासून एसटीने यायची. आता अमरावतीला संगीतात एम. ए. करते, पण सुट्टीला आली की रविवारी हजर. तिला तिच्या बाईंनी काम दिलं होतं की आपल्या जिल्ह्यातलं एखादं चित्र नाहीतर मूर्ती निवडा, त्यावर स्वतःची रचना करा आणि सगळ्यांसमोर वाजवा. शब्द नाहीत, नुसतं वाद्य. काजलने दुसरं काही शोधलंच नाही. या खोलीत बसून तिने एवढी वर्षं ज्या चित्राकडे बघत बोटं घासली, तेच तिने घेतलं.

रचना करून ती आली आणि वाजवून दाखवली. भाऊजी म्हणाले, "छान." पुढच्या रविवारी काही बदलून आली. "छान." मी आत डबा रिकामा करत होते. काजल ताट धुवायच्या निमित्ताने आत आली.

"मावशी, यात कुठंतरी गडबड आहे. मले कळते, पण सापडत नाही. सरायले सांगतो तं छान म्हंतात."

"त्यायले सध्या सगळंच छान आहे, बाई."

"पुढच्या रविवारी येतो. तेव्हाही छानच म्हटलं तं मी मंग नाही येत. नुसतं छान आयकाले उंद्रीहून कायले येऊ?"

ती वाईट बोलली नाही, खरं तेच बोलली. पण माझ्या हातातला डबा तसाच राहिला. ही गेली की पेटीवर खोळ चढणार, आणि ती पुन्हा कोण काढणार? मग दार, पाय आणि बिनआवाजाचा टीव्ही. मला माझी बहीण परत मिळणार नव्हती. निदान तिचा नवरा तरी असा जिवंतपणी जाऊ नये, एवढंच मला वाटत होतं.

पुढच्या रविवारी दुपारी मी मुद्दाम लवकर गेले आणि आतच थांबले. काजलने पेटी लावली. मला संगीतातलं कळत नाही, पण कान आहेत. आधी बाजार आला. सूर एकमेकांना धक्के देत होते, एक वर ओरडला तर दुसरा खालून. मग गर्दी मागे पडली आणि कुणीतरी चालायला लागलं. नीट, एकसारखं, ठेक्यात. मग वर चढत गेलं आणि आभाळ आलं, तिथे तर काजलने बोटांची नुसती पळापळ केली. शेवटी हळूच खाली येऊन थांबली.

भाऊजी म्हणाले, "छान."

काजलने भाता बंद केला नाही. म्हणाली, "काऊन?"

"अं?"

"छान काऊन, सर? कारण सांगा. सापडलं तं ठेवतो, नाही सापडलं तं काढतो."

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं. म्हणाले, "मले नाही माहीत."

"मंग सगळंच काढू?"

टीव्हीवर कुणीतरी तोंड हलवत होतं. मला राहवलं नाही. मी दारात येऊन ओरडलेच, "अहो, कोणाले वाजवून राह्यली ती पोरगी, पाहा तरी! भिंतीकडं पाहा एकदा! थंडीपासून मान वर केली नाही तुम्ही!"

काजल घाबरली. मलाच माझा आवाज जास्त वाटला. भाऊजींनी मान वर केली. चित्राकडे बघितलं. मग चौकटीला धरून उठले, गुडघ्यांनी कुरकुर केली, आणि चित्रासमोर जाऊन उभे राहिले. चष्मा खाली सतरंजीवरच होता. एवढ्या जवळून, चष्म्याशिवाय, त्यांना काय दिसत होतं देव जाणे. तसेच परत आले, बसले, पाय लांब केले.

"पुन्हा वाजव."

ताई गेल्यापासून त्यांच्या तोंडून मी 'पुन्हा' ऐकलं नव्हतं. काजलने बाजार सुरू केला. भाऊजींनी हात वर केला.

"हे सूर एकावर एक काऊन घेतले?"

"बाजारात कोणी कोणाचं आयकत नाही, सर. म्हणून एक संपायच्या आधी दुसरा घेतला."

"मंग ठेव. पुढं."

ती पुढे गेली. आभाळापाशी त्यांनी पुन्हा थांबवलं. "इथं इतकी गर्दी काऊन? धम्मरत्ननं तं इथं काहीच काढलं नाही. त्याले काय रंग पुरला नाही?"

काजल खाली मान घालून म्हणाली, "रिकामं वाजवाची भीती वाटते, सर. लोकायले वाटते, हिले येत नाही."

"एकच सूर धर. भाता सांभाळ, सूर हलू देऊ नको. असं रिकामं वाजवालेच जास्त यावं लागते." पुढे म्हणाले, "शेवट ठेव. तो जागेवर येते." मग म्हणाले, "आता मधलं वाजव. ते चालणं."

काजलने चालणं वाजवलं. नीट, एकसारखं, ठेक्यात. भाऊजी ऐकत होते. मी दारात उभी होते, माझ्याही ध्यानात काही येत नव्हतं. वाजवणं संपलं.

"ही कोण चालून राह्यली?"

"काकू."

"ही शैला नाही." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "चाल चुकली."

काजलच्या डोळ्यांत पाणी आलं. "मले माहीत होतं, सर. पण तसं वाजवलं तं लोकायले वाटन, काकूची थट्टा केली. मी त्यायचा चहा पेऊन मोठी झालो. चित्रातही पाय सरळच आहेत, म्हणून मीनंही..."

"धम्मरत्न भला माणूस. त्यानं मान ठेवला. तू भली पोरगी, तू ठेवला." भाऊजी म्हणाले. "पण मान ठेवता ठेवता तिलेच बाहेर ठेवलं न. हे चालणं कोणाचंही असू शकते. मंग मी काऊन आयकू?"

त्यांनी पेटीच्या लाकडावर बोटाने ठेका द्यायला सुरुवात केली. एक लांब, एक आखूड. दोन-तीनदा दिला आणि हात मध्येच थांबला. पुन्हा सुरू केला, पुन्हा चुकला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मला बघवेना.

"विमल, उजवा थांबे ना तिचा?"

आमच्या घरात जन्मात कुणी त्या पायाबद्दल मोठ्याने बोललं नव्हतं. आईने बोलू दिलं नव्हतं. पण मी म्हटलं, "हाव. उजवा थांबे. त्याच्यावर भार देऊन उभी राहे, अन् डावा पटकन टाकून घे."

"पटकन," भाऊजी म्हणाले. "हाव. पटकन."

काजलने विचारलं, "म्हणजे सात मात्रांत बसवू, सर? चार अन् तीन?"

"मोजू नको आताच. आधी तिले चालू दे. मात्रा मंग पाहू."

त्यांनी डोकं चौकटीला टेकवलं आणि डोळे मिटले. काजल बोटं ठेवून बघायला लागली. पहिल्यांदा ते चालणं नव्हतंच, नुसतं अडखळणं होतं. मला ते ऐकवेना. काजल जे भीत होती तेच होत होतं, खरंच थट्टेसारखं वाटत होतं. मी आत गेले आणि चहा ठेवला. दूध वर येईपर्यंत तिथून हलले नाही. ताई गेल्यापासून मी या घरात चहा कधी एकटा सोडत नाही.

बाहेर काजल पुन्हा पुन्हा तेच घेत होती. लांब सूर जरा जास्तच लांबला, मग आखूड जरा जास्तच तुटला. मग हळूहळू ते जुळत गेलं. सूर एका जागी भार देऊन उभा राहायचा आणि दुसरा पटकन पडायचा. अडखळणं गेलं. कुणीतरी घाई न करता, कुणाला न लाजता, आपल्या घरात चालायला लागलं.

मी कप घेऊन दाराशी आले आणि तिथेच उभी राहिले. सवयीने तोंडावर आलं होतं, पाय घ्या, भाऊजी. म्हणायची वेळ आली नाही. काजल वाजवत होती, भाऊजींचे डोळे मिटलेले होते, आणि त्यांचे पाय आपोआप आखडत जवळ येत होते. दार मोकळं झालं. मी तर पाऊलही उचललं नव्हतं.

त्यांनी डोळे उघडले आणि दाराकडे बघितलं. दारात मी होते.

मग गोपाळ सर रडले. माझ्या बहिणीचं नाव घेऊन, लहान पोरासारखे, तोंडावर हातही न धरता. माझ्या हातातला चहा हिंदकळून बोटांवर सांडला. काजल घाबरून थांबली, तिने भाता सोडला आणि रडवेली होऊन विचारलं, "सर, हे काढू का?"

भाऊजींना बोलता येत नव्हतं. मान हलवून त्यांनी नाही म्हटलं, पुन्हा तिची बोटं पेटीवर ठेवली, आणि म्हणाले, "ठेव."